टपरीवरची बाल्कनी

मी खुर्ची बोलतेय. उठू नका, बसूनच ऐका. माझा सगळा जन्म बसलेल्या माणसांच्या संगतीतच गेला आहे.

कारखान्यातून निघाले ती थेट शहागंजजवळच्या एका टॉकीजमध्ये आले. तिचं नाव सांगत नाही, तिच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत. मी बाल्कनीतली, एफ रांग, चौदा नंबर. लाल रेक्झिन, लाकडी हात. तीस वर्षं अंधारात राहून मी एकच विद्या शिकले. सिनेमाबद्दल माणसाचं खरं मत तोंडात नसतं, पाठीत असतं. सिनेमा रटाळ असला की पाठ माझ्यावरून घसरत खाली जाते. भिडला की पाठ माझ्यापासून सुटते आणि माणूस पुढं झुकून बसतो. बाहेर पडल्यावर तो काय वाटेल ते बोलो, मला आधीच कळलेलं असायचं.

टॉकीज बंद पडली तेव्हा चहावाल्या सुदर्शननं आम्हा तिघी बहिणींना, तेरा, चौदा आणि पंधराला, भंगारातून उचललं आणि आपल्या टपरीपुढं मांडलं. म्हटलं, चला, म्हातारपणी सिनेमातून सुटका झाली. कसलं काय! आगीतून फुफाट्यात.

इथं मत द्यायला सिनेमा बघावा लागत नाही. सत्यम मोबाइलवर ट्रेलर बघतो, तोही पुढं ढकलत ढकलत, आणि पूर्ण पिक्चरचा निकाल लावतो. हार्डवेअरवाल्या अप्पारावांचे मेहुणे पुण्यात सिनेमा बघतात आणि अप्पाराव इथं नाराज होतात. हेमचंद्र सर निवृत्त प्राध्यापक. ते शुक्रवारी दुपारी तीन परीक्षणं वाचतात आणि संध्याकाळी चौथं स्वतः बोलतात. त्यांच्या मते प्रत्येक सिनेमाचा उत्तरार्ध ढासळतो. आजवर एकाही उत्तरार्धानं त्यांना निराश केलेलं नाही.

माझ्यावर बसायचे कारभारी. मूळचे खुलताबादचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते मत देत नसत, नुसतं ऐकत.

एका सकाळी बाकी कुणी यायच्या आत ते सुदर्शनला हळूच म्हणाले, "आमच्या खुलताबादला शूटिंग झालं न्हवं, त्या पिच्चरात मी हाय. यकच शीन. उद्या लागतोय. पर यांना सांगू नको. पडद्यावर त्यांनी आपसूक वळखलं पायजे."

मॉलमधल्या थिएटरात रोज एकच खेळ होता, दुपारी बाराचा, आणि तोही गुरुवारपर्यंतच. हे सांगताना कारभारींची पाठ मला टेकतच नव्हती. साठी उलटलेल्या माणसाला इतकं अधीर झालेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

शनिवारी मंडळी जमली. कारभारींनी सहज विचारल्यासारखं करून विषय काढला.

"फुल स्लो पिक्चर हाय काका," सत्यम म्हणाला. "ट्रेलर बघतानाच झोप आली."

"कथा बरी आहे," सर म्हणाले, "पण उत्तरार्ध ढासळतो."

"तुम्ही सोता बघितला, सर?"

"अहो, कालचा पहिलाच खेळ!"

सर पंधरा नंबरवर बसले होते. त्या वाक्यासरशी ती घामानं ओली झाली, हे तिनं मला नंतर सांगितलं.

"मग त्यो म्हातारा कसा वाटला? यष्टी स्टँडवरचा?"

आता माघार कशी घ्यायची? सर म्हणाले, "तो ना? अभिनयाचा अ येत नाही त्याला. कापला असता तरी चाललं असतं."

"व्हय का," कारभारी म्हणाले. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले. मला फार वाईट वाटलं. ते पुढं चार दिवस आले नाहीत. सरांचं मत मात्र मुक्कामाला राहिलं. चहाला येईल त्याला मंडळी आग्रहानं सांगत, "त्या पिक्चरला जाऊ नका."

बुधवारी सुदर्शनला राहवलं नाही. कप विसळता विसळता तो म्हणाला, "सर, त्यो म्हातारा म्हंजे आपले कारभारी होते."

त्या दिवशी सरांनी चहा न पिताच घर गाठलं.

गुरुवारी संध्याकाळी सुदर्शननं फोन करकरून कारभारींना बोलावलं. ते आले, पण बसले नाहीत, चुलीपाशीच उभे राहिले. मग सर आले आणि नेमके माझ्यावर बसले.

"कारभारी, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "मी सिनेमा पाहिलाच नव्हता. आज गेलो, तर आख्ख्या थिएटरात मी एकटा. एका माणसासाठी खेळ लावत नाही म्हणाले."

"अन् बाकी कोणीच कसं नाय आलं?" सत्यमनं विचारलं.

"येतील कसे?" सुदर्शन म्हणाला. "तुम्हीच समद्यांना माघारी धाडलं की."

कारभारींनी टोपी नीट केली आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले, समोर एसटी येऊन थांबावी तसे. उतरणाऱ्यांचे चेहरे एकेक करून बघितले. सगळे उतरून गेले. मग आमच्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "कंडक्टर मास्तर, लेक यायचा होता माझा. मागच्या शिटावर झोपला असंल. बघता का जरा?"

सत्यमनं खरोखर मागं वळून पाहिलं. सरांनीही पाहिलं. मागं सुदर्शनची दुधाची कॅन होती, दुसरं काही नव्हतं. सरांची पाठ माझ्यापासून केव्हाच सुटली होती. टॉकीज गेल्यापासून मी या क्षणाला मुकले होते.

"उत्तरार्ध कसा वाटला, सर?" सुदर्शननं विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "वन्समोअर," एवढंच म्हणाले.

कारभारींनी पुन्हा करून दाखवलं. सरांनी पुन्हा मागं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पाराव आले. आदल्या दिवशी ते टपरीकडं फिरकलेही नव्हते. पाय पसरून माझ्यावर बसले आणि म्हणाले, "काल कारभारीनं काम बरं केलं म्हणे. पर दुसऱ्या टायमाला जरा ढिलं पडलं."

आता माझं रेक्झिन फाटलंय, स्प्रिंग टोचते. तुमच्याकडं मागणं एकच. आधी बघा, मग बोला. आणि न बघताच बोलायचं असेल, तर निदान माझ्यावर पाठ टेकू नका. मला सगळं कळतं.