शेपूट नसलेल्या पक्ष्याचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मी अजून रागात आहे. माझं भिंग आतून बुरशीने धुरकटलंय, शटरचा पडदा अर्ध्यावर अडकतो, गळ्यातला चामडी पट्टा केव्हाच तुटून गेलाय. अशा वयात वस्तूने शांतपणे कोपऱ्यात पडून राहावं, असं तुम्हाला वाटेल. मीही पडून असतो. पण १९८३ साली माझ्यावर एक खोटा आळ आला, तो काही केल्या मनातून जात नाही. म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. शंभरेक स्क्रू, थोडी काच, थोडं पितळ आणि पांढरे हातमोजे घातलेले पुष्कळ हात, एवढंच मला त्या काळाचं आठवतं. कोबे बंदरातल्या एका दुकानातून मला बेनेडिक्ट मिरांडा यांनी उचललं. ते वाकोल्याच्या गावठाणातले, मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत फिटर होते. त्यांच्या हातांना कायम तेलाचा वास यायचा, पण मला धरायच्या आधी ते साबणाने दोनदा हात धुवायचे. सुट्टीवर घरी आले की गावठाणातली लग्नं, बाप्तिस्मे, क्रूसासमोरची प्रार्थना, सगळीकडे मी त्यांच्या छातीवर असे. एकदाही माझ्यामुळे कुणाचा फोटो वाया गेला नाही. हे लक्षात ठेवा.

बेनेडिक्टना एकच मुलगी, ऑलिव्ह. आई लहानपणीच गेली. ऑलिव्ह अंधेरीच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामाला लागली. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत लोकांची मोडकी हाडं बघायची, म्हणून रविवारी तिला झाडं आणि उजेड हवा असे. मला पिशवीत घालून ती बसने आरे कॉलनीत जायची. गोठ्यांच्या मागच्या रानात तासन्‌तास बसायची. तिथेच ती पक्षी ओळखायला शिकली. नुसता रंग बघून नाही. चोच कशी, पाय कसे, फांदीवर बसल्यावर अंग कसं धरतो, गातो तेव्हा सुरांमध्ये किती थांबतो, हे सगळं ती वहीत लिहायची.

तोवर बेनेडिक्ट निवृत्त झाले होते. इंजिनखोलीतल्या धुराने त्यांची छाती निकामी केली होती. ते पडवीत उशा लावून बसायचे आणि ती आली रे आली की विचारायचे, "आज काय गावलं गं बाय?"

उपनगरातल्या हौशी लोकांचं एक पक्षिमित्र मंडळ होतं. त्याचे प्रमुख मुलुंडचे विद्याधर रणदिवे. त्यांच्याकडे हातभर लांबीचं भिंग होतं आणि गोड बोलण्याची कला होती. हॉल भरून लोक त्यांचे स्लाइड शो बघायला यायचे. प्रोजेक्टर चालवायच्या त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी. प्रत्येक स्लाइडवर बारीक अक्षरात पक्ष्याचं नावही त्याच लिहायच्या. त्यांचा उल्लेख मात्र कधी कुणी केला नाही.

एप्रिल १९८३ मध्ये मंडळाची सहल दार्जिलिंगच्या वरच्या डोंगरकण्यावर गेली. मित्रांनो, तसं रान मी आधी पाहिलं नव्हतं. दहा हजार फुटांवर ढग झाडांमधून माणसासारखा चालत येतो. खोडांना गुडघ्याएवढं शेवाळ, त्यातून पाणी ठिबकत असतं, आणि वर लालभडक गुरांसाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची फुलं. सगळे त्या फुलांवरच्या रंगीत पक्ष्यांमागे धावत होते. ऑलिव्हने मात्र जमिनीलगत एक आवाज ऐकला. सुईसारखे बारीक चार सूर, घाईघाईने एकामागून एक.

"दीदी, वो छोटावाला है," वाटाड्या दावा शेर्पा म्हणाला. "दिखता नहीं. बस बोलता है."

तो होता रेन-बॅबलर. अंगठ्याएवढा, तपकिरी, अंगावर खवल्यांसारखी नक्षी, आणि शेपूट जवळजवळ नाहीच. त्याच्या दोन जाती एकमेकींसारख्या दिसतात. खवलेदार रेन-बॅबलरच्या डोक्यावर बदामी ठिपके असतात. पिग्मी रेन-बॅबलरच्या डोक्यावर ते नसतात, आणि तो सूर लांबवून, थांबून थांबून गातो. ऑलिव्ह म्हणाली, हा ठिपकेवाला.

रणदिवे हसले. "हिमालयात येऊन कोणी तपकिरी उंदराचा फोटो काढतं का, ऑलिव्ह? फिल्म फुकट घालवू नकोस."

दोन सकाळी ती एका आडव्या पडलेल्या ओंडक्यासमोर ओल्या पाल्यात बसून राहिली. काहीच मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी रणदिव्यांना उंची बाधली. ते घोंगडी पांघरून ओकत पडले होते. ऑलिव्हने त्यांना काढा करून दिला आणि दावाबरोबर निघाली. थंडीने माझी बॅटरी मरू नये म्हणून तिने मला स्वेटरच्या आत ठेवलं होतं. तिचं काळीज धडधडताना मला ऐकू येत होतं. मग ढग जरा विरळ झाला. ओंडक्यावर तो इवलासा जीव चढला आणि मान वर करून गाऊ लागला. ऑलिव्हने श्वास रोखून धरला. इतक्या कमी उजेडात हात जरा हलला असता तरी सगळं संपलं असतं. हात हलला नाही, आणि मीही कचरलो नाही. बारा फोटो निघाले.

परतीच्या प्रवासात रणदिवे बरे झाले आणि पुन्हा गोड बोलू लागले. "सगळ्यांचे रोल माझ्याकडे द्या. ओळखीची लॅब आहे, एकत्र धुऊन घेतो."

पंधरा दिवसांनी ऑलिव्ह मुलुंडला गेली. त्यांनी तिच्या हातावर एक कोरी काळी पट्टी ठेवली. "तुझा रोल गेला गं. कॅमेऱ्यात उजेड शिरतोय. जुना झालाय तो. टाकून दे."

मी! ज्याने आजवर उजेडाचा एक कण गळू दिला नाही, तो मी! आणि हातातली पट्टी तर काळी होती. स्लाइडच्या फिल्मवर उजेड पडला तर ती पांढरी निघते. रोज फिल्मशी खेळणाऱ्या ऑलिव्हला हे कळायला हवं होतं. पण एक्स-रेच्या फिल्मचं उलट असतं, तिथे उजेड लागला की काळं होतं. त्या सवयीने आणि दुःखाने तिला ते सुचलंच नाही.

बेनेडिक्टना मात्र पटलं नाही. "शक्य नाय," ते म्हणाले. "त्याला मी सवताच्या हातानं तपासलाय." मग धाप लागेपर्यंत हसले. "आनि शेपटीबिगर पाखरू? म्हातार्‍याला गंडवतंस काय?"

"खरंच, पप्पा."

"मंग दाखव."

दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. सात महिने ते अधूनमधून तेच विचारत राहिले. कधी थट्टेने, तर कधी तापात. नोव्हेंबरात ते गेले. ऑलिव्हने मला नाताळच्या सजावटीच्या ट्रंकेत तळाशी टाकलं आणि झाकण लावलं. नाताळ आले नि गेले, तिने सजावट काढलीच नाही; दोन पावसाळे मी त्या ओलसर अंधारात काढले. बुरशी तिथेच लागली. मला कोंडल्याचं दुःख नव्हतं. तिने तो आळ खरा मानला, हे मला सलत होतं.

१९८६ च्या जानेवारीत एके दिवशी झाकण उघडलं. ऑलिव्हने मला बाहेर काढलं, मऊ फडक्याने पुसलं, आणि पुसता पुसता बोलत राहिली. घाटकोपरच्या एका वाचनालयात ती रणदिव्यांचा छोटा शो बघायला गेली होती. पडद्यावर ओंडका आला. तोच ओंडका, तेच मोडलेलं नेच्याचं पान, आणि त्यावर गाणारा तोच पक्षी. खाली लिहिलं होतं, 'पिग्मी रेन-बॅबलर. छायाचित्र: विद्याधर रणदिवे.' चोरी तर चोरी, वर नावही चुकीचं.

"मी उठून टाळ्या वाजवल्या," ती मला म्हणाली. "मग विचारलं, सर, मोठा शो कधी आहे?"

मोठा शो मुलुंडला होता, तीन आठवड्यांनी. हिमालयातल्या डोंगररानांची पाहणी करायला एक पथक निघणार होतं, त्याचे प्रमुख डॉ. चंद्रप्रकाश तिथे येणार होते. पथकाचा छायाचित्रकार म्हणून ते रणदिव्यांचं नाव जाहीर करणार होते, आणि तेही याच फोटोच्या जोरावर. त्या जागेसाठी ऑलिव्हनेही अर्ज केला होता. तिच्याकडे पाठवायला फोटो नव्हता.

तिने माझं मागचं दार उघडलं आणि आतल्या चौकटीच्या कडेवरून नख फिरवलं. तिथे दोन खाचा आहेत. जहाजावरचे सगळे खलाशी आपापले रोल एकाच दुकानात धुवायला द्यायचे आणि घोटाळा व्हायचा. म्हणून बेनेडिक्टनी बारीक कानशीने त्या घासल्या होत्या. माझ्या प्रत्येक फोटोच्या काळ्या कडेवर त्या खाचांची दोन उजळ टोकं उमटतात. स्लाइडला पुठ्ठ्याची चौकट बसवली की ती झाकली जातात. रणदिव्यांना हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

तीन आठवडे ती तयारी करत होती. एक नवा रोल भरला, आरेतल्या एका कोतवाल पक्ष्याचे फोटो काढले, धुऊन आणले, खाचा तपासल्या. ती हसत नव्हती, रडत नव्हती. मित्रांनो, सूड घ्यायला निघालेलं माणूस किती नीटनेटकं काम करतं, हे मी तेव्हा पाहिलं. आणि मलाही तेच हवं होतं.

मुलुंडचा हॉल भरला होता. ओंडक्यावरचा पक्षी पडद्यावर माणसाएवढा झाला आणि टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर ऑलिव्ह उभी राहिली.

"सर, हा कुठला पक्षी?"

"खाली लिहिलंय ना. पिग्मी रेन-बॅबलर."

"मग डोक्यावर ठिपके कसे?"

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. ठिपके स्पष्ट होते. "उजेडाचे डाग आहेत ते," रणदिवे म्हणाले.

"कधी काढलात?"

"सहलीत. एकवीस एप्रिलला सकाळी."

"एकवीसला सकाळी तुम्ही घोंगडी पांघरून ओकत होतात. काढा मीच दिला होता."

हॉलमध्ये हशा पिकला. रणदिव्यांचा चेहरा क्षणभर उतरला, पण आवाज गोडच राहिला. "ऑलिव्ह, वडील गेल्यापासून तुझं मन थाऱ्यावर नाही. आम्ही समजू शकतो. बस खाली."

माझ्याभोवतीची तिची बोटं घट्ट झाली. "वडिलांचं नाव काढलंत, बरं केलंत," ती म्हणाली. मग तिने मला वर धरलं, दार उघडलं आणि खाचांची गोष्ट सर्वांना सांगितली. "त्या स्लाइडची चौकट काढा. खाचा नसल्या तर इथेच सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते."

"असले तमाशे इथे चालणार नाहीत! स्लाइड खराब होईल!"

तेवढ्यात पडदा पांढरा झाला. प्रोजेक्टरमधून स्लाइड सुनंदावहिनींनी काढली होती. नवरा "सुनंदा!" असं ओरडला, तरी त्यांनी मान वर केली नाही. नखाने पुठ्ठा उकलला, फिल्म कडेला धरून अलगद बाहेर काढली आणि डॉ. चंद्रप्रकाशांच्या हातात दिली. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरली, खिशातलं भिंग लावलं, मग ऑलिव्हची नवी पट्टी तिच्या शेजारी धरली.

"दोन खाचा आहेत," ते म्हणाले. "दोन्हींवर. तंतोतंत एकाच जागी."

"उरलेल्या अकरा आमच्या घरी कपाटात आहेत," सुनंदावहिनी म्हणाल्या. "नाव मी बरोबर लिहिलं होतं. ऑलिव्हचा पक्षी म्हणून ओळखू येऊ नये, म्हणून यांनी बदलायला लावलं."

दुसरं कुणीही इथे थांबलं असतं. ऑलिव्ह थांबली नाही. "आता पक्ष्याचं नाव सांगा, सर."

रणदिवे काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने."

"खवलेदार... रेन-बॅबलर."

"फोटो कुणी काढला?"

"तू."

"पूर्ण नाव घ्या."

"ऑलिव्ह मिरांडा यांनी."

"आणि कॅमेऱ्यात उजेड शिरत होता का?"

"नाही," ते म्हणाले.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या एका शब्दासाठी मी दोन वर्षं बुरशी खाल्ली होती. मला फार आनंद झाला.

महिन्याभराने रणदिवे वाकोल्याला आले. मंडळातून त्यांना काढलं होतं, आता कुणी शोला बोलवत नव्हतं. त्यांनी अकरा स्लाइडची डबी टेबलावर ठेवली. "चूक झाली माझी. माफ कर."

"बसा. चहा घ्या," ऑलिव्ह म्हणाली. "माफी नाही मिळायची."

"अगं, एका फोटोसाठी किती दिवस मनात ठेवणार?"

"पप्पा सात महिने विचारत होते. तुम्ही एकदा इथे आला असता, एक स्लाइड खिडकीसमोर धरून त्यांना दाखवली असती आणि मग चोरली असती, तरी मी गप्प बसले असते."

ते अर्धा चहा टाकून गेले. तिने तो कप घासला आणि पुन्हा मांडणीत ठेवला. मला वाटलं होतं, आता तरी तिला हलकं वाटेल. पण ती बराच वेळ नळ तसाच सोडून उभी होती. तिने पाणी बंद केलं तेव्हा माझाही आनंद थोडा कमी झाला होता. राग मात्र नाही.

पथकाबरोबर ऑलिव्हच गेली, मला घेऊन. नावपट्ट्या लिहायचं काम तिने सुनंदावहिनींसाठी मागून घेतलं, आणि अहवालात त्यांचं नाव छापून आलं. त्याच ढगाळ रानात माझा पडदा कायमचा अडकला. आता ती दुसऱ्या कॅमेऱ्याने काम करते आणि मी कपाटात असतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडच्या जुन्या कॅमेऱ्याला पावसाळ्यात कोंडून ठेवू नका. ऊन पडलं की त्याचं दार उघडून जरा हवा द्या. काम बिघडलं तर त्याच्यावर आळ घेण्याआधी नीट तपासा. आणि दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव घालायचा मोह झाला, तर ज्या वस्तूने ते काम केलं तिच्याकडे एकदा बघा. ती बोलत नाही म्हणून तिला आठवत नाही, असं समजू नका. कपाटात आम्हाला दुसरं काय काम असतं?