पहिलं पान हरवलेली मी

मी एक केस स्टडी बोलतेय. दचकू नका, तुमच्याआधी मीच दचकलेय.

माझा जन्म स्फाक्स शहरातला. दलेन्दाबाई तिथल्या विद्यापीठात व्यवस्थापन शिकवतात, त्यांनी मला लिहिलं. माझ्यात सी मखलूफ (सी म्हणजे आपलं श्रीयुत) नावाचे म्हातारे आहेत, ऑलिव्हच्या तेलघाण्याचे मालक. तेल पिंपांनीच विकावं की बाटल्या भरून परदेशी धाडाव्या, या काळजीत ते पहिल्या ओळीपासून खिडकीशी उभे. शेवटच्या ओळीलाही तिथेच. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. ‘तुम्ही काय कराल?’ एवढं विचारून गप्प बसते. वर्गात त्यावरून भांडणं व्हायची आणि मला वाटायचं, वा, काय आपला दरारा!

दरारा झेरॉक्सच्या दुकानात संपला. माझ्या पहिल्या पानावर कॉफी सांडली. दुकानदार म्हणाला, “असू दे, त्यावर नुसती नावंच आहेत. गोष्ट दुसऱ्या पानापासून आहे.” आणि मी बिनडोक्याची विकली जाऊ लागले.

तशीच मी युसरा नावाच्या विद्यार्थिनीच्या हाती पडले. पोरगी माझ्यासारखीच, दार वाजलं तरी छातीत धस्स होणारी. प्रबंधाच्या संदर्भयादीत माझा लेखक कोण लिहावा? माझ्यावर नाव एकच होतं. तिने लिहून टाकलं: लेखक, सी मखलूफ.

तोंडी परीक्षेला तिची आई, लल्ला झकिया, बकलाव्याचं, म्हणजे मधात भिजलेल्या मिठाईचं ताट घेऊन मागच्या बाकावर हजर. निकालाआधीच! मी टेबलावर थरथरत होते. पंख्याचा वारा, दुसरं काय.

समोर परीक्षक म्हणून दलेन्दाबाई.

“हे सी मखलूफ लेखक कधी झाले?”

युसरा पांढरीफटक. “म... मी भेटलेय त्यांना. त्यांनीच दिलं हे.”

“कधी गं?” मागून आई. “एकटी कोपऱ्यावरून पाव आणत नाहीस, घाण्यावर कधी गेलीस?”

“आई, गप्प बस ना!”

“मी आपलं विचारलं. म्हाताऱ्यांना बकलावा तरी पाठवला असता.”

दलेन्दाबाईंनी हसू दाबलं. “युसरा, मखलूफ नावाचा कुणी नाहीच. खऱ्या मालकांनी नाव झाकायला सांगितलं, म्हणून हे खोटं नाव मी ठेवलं. पहिल्या पानावर लिहिलंय तसं. आता सांग, भेटलीस?”

आता पदवीच पणाला लागलेली. मी मनात म्हटलं, ‘तुम्ही काय कराल?’ दुसरं मला येतं काय!

“नाही भेटले,” युसरा रडवेली होऊन म्हणाली. “पहिलं पान मी पाहिलंच नाही. घाबरून खोटं बोलले.”

“चूक दुरुस्त होते, थाप नाही. बरं झालं मागे घेतलीस. संदर्भ नीट करून आण, मग निकाल.”

“आणि ताट?” लल्ला झकिया कासावीस.

“झाकून ठेवा.”

पुढच्या आठवड्यात युसराने मूळ प्रत शोधून माझं पहिलं पान मला टाचलं. यादीत आता दलेन्दाबाईंचं नाव, साल, माझं शीर्षक, ‘केस स्टडी’ ही ओळख आणि कुणी छापलं ते, सगळं आहे. ती पास झाली. ताट उघडलं, तेव्हा मधाचा एक थेंब नेमका लेखिकेच्या नावाशेजारी पडला. मी पुन्हा दचकले. पण नाव वाचता येतंय.

आता तिच्या कपाटात असते. एवढंच मागणं, मला वापराल तर माझं डोकं शाबूत ठेवा. जिने लिहिलं तिचं नाव घ्या. सी मखलूफांना त्रास देऊ नका. त्यांना अजून तेलाचं ठरवायचंय.