तोंडी निरोपाची वही

पाणी जिन्यावरून खाली येत होतं. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे शिंपी दारात उभे होते, दोन्ही हातांवर गिऱ्हाइकांचे ओले कोट घेऊन. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, सिस्टर राहायच्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. मी बेल वाजवली. दार उघडून त्या पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं आलास. पाणी कधी येणार रे?"

मी आत जाऊन स्वयंपाकघरातला नळ बंद केला. सिंकच्या जाळीवर भांडी पुसायचं फडकं घट्ट बसलं होतं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यांत जुनी चूक. टाकी धुवायची म्हणून पाणी बंद असतं, माणूस सवयीनं नळ सोडतो, पाणी येत नाही, आणि नळ तसाच उघडा राहतो. दुपारी आम्ही खालून पाणी सोडतो. पुढचं शिंप्यांना विचारा.

सिस्टरांनी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. "मुलाला कळवू नकोस," एवढंच म्हणाल्या.

पण मुलाला शिंप्यांनी आधीच कळवलं होतं.

मुलगा वाईट नव्हता, हे आधी सांगतो. दुसऱ्या शहरात नोकरी, घरी दोन मुलं, आणि आईचा हट्ट की मी माझ्याच घरात राहणार. पहिल्यांदा दुधाचं पातेलं जळून घरभर धूर झाला. दुसऱ्यांदा त्या दार सताड उघडं टाकून दिवसभर बाहेर होत्या. त्या वेळी त्यानं माझ्यासमोरच आईला सांगितलं होतं, की आणखी एकदा असं झालं तर वृद्धाश्रम. सिस्टरांनी मान डोलावली होती. शब्दाला पक्की बाई.

मी या इमारतीत पंपवाला म्हणून लागलो. आठ मजले, चौसष्ट घरं, आणि मी तळघरात पंपाशेजारी. पुढे पहारेकरी झालो, मग मुकादम, मग व्यवस्थापक. सव्वीस वर्षं गेली. या कामात शिकायचं फार नसतं असं लोकांना वाटतं. कुणाचं कुत्रं भुंकतं, कुणाची गाडी आडवी, कुणाच्या पावलांचा आवाज खाली जातो. माणसं घरं सोडून जातात, भांडणं मात्र मागून येणाऱ्या भाडेकरूला देऊन जातात.

पहिल्याच वर्षी मी पाणी बंद असल्याचा कागद फळ्यावर लावून मोकळा झालो होतो. दुसऱ्या मजल्यावर एक अंध गृहस्थ राहायचे. ते अंगाला साबण लावून तासभर न्हाणीघरात उभे राहिले. सिस्टरांनी मला वर बोलावून चांगलं खडसावलं. मग स्वतः पट्टीनं रेघा मारून एक वही करून दिली. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, वाचता येत नाही, त्याच्या दाराशी जायचं, तोंडानं सांगायचं, बादल्या भरून होईपर्यंत थांबायचं आणि सही घ्यायची. त्यांच्या वॉर्डातला नियम त्यांनी मला लावला होता. औषध दिलं आणि लिहिलं नाही, तर दिलं नाही असं धरायचं.

त्या वहीनंच मला वर आणलं. वही भरली की नवी यायची, तिलाही रेघा सिस्टरच मारायच्या. पानांवर आकडे घालायच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली आणि त्या वहीत त्यांचंच नाव चढलं. थट्टा करायचं माझ्या मनात होतं, पण जमलं नाही.

आता पाच इमारतींवर मिळून एक मुख्य व्यवस्थापक नेमायचा होता आणि माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. बायकोनं माझ्यासाठी नवा शर्टही आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. माझ्या टेबलासमोर बसून चष्मा पुसत राहिला. म्हणाला, "तुम्ही अहवालात जे झालं ते लिहा. तिला वाचून दाखवायला मला कागद लागेल. मला तोंडानं सांगवत नाही." मागोमाग ती नेमणूक करणाऱ्या साहेबांचा फोन आला. त्यांचा प्रश्न सरळ होता. बाईंना निरोप दिला होता की नव्हता? दिला असेल तर चूक त्यांची, नसेल तर तुमची.

निरोप दिला होता. सकाळी साडेसात वाजता मी त्यांच्या दाराशी होतो. त्यांनी माझ्यासमोर दोन बादल्या भरल्या. एकशे एक्केचाळीसाव्या पानावर त्यांची सही होती, थरथरती पण पुरी.

मी कितीतरी वेळ ते पान बघत बसलो. मग पट्टी लावून ते फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि अहवालात लिहिलं, 'चौथ्या मजल्यावर तोंडी निरोप द्यायचा माझ्याकडून राहून गेला.'

हे बरोबर केलं असं मी म्हणत नाही. आज नळ राहिला, उद्या गॅस राहील, हे मलाही कळत होतं. रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः वर जाऊन बघायचं, असं मी ठरवलं होतं. पण त्या बाईला माझ्या हातच्या कागदानं घराबाहेर काढणं मला जमणार नव्हतं.

मुलानं अहवाल वाचला, माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि संध्याकाळी निघून गेला. पाच इमारती दुसऱ्याच कुणाला मिळाल्या. बायकोला धुवायच्या पँटच्या खिशात ते पान सापडलं. तिनं ते दोनदा वाचलं. "अहो, एवढी एक सही दाखवली असती तर झालं असतं ना," म्हणाली. नवा शर्ट तिनं घडी न मोडता कपाटात ठेवला. ते मला जास्त लागलं.

तीन आठवड्यांनी सिस्टर कठड्याला धरत धरत चार मजले उतरून माझ्याकडे आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "निरोप राहिला असं तू लिहिलंयस, मुलानं सांगितलं. वही दे."

मी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी वही दिली. अक्षरं त्यांना दिसत नव्हती, म्हणून पानांवरचे आकडे मला वाचायला लावले. एकशे एकोणचाळीस, एकशे चाळीस. पुढे मी थांबलो. त्यांनी समोरच्या पानावरून बोटं फिरवली आणि कोपऱ्यात थांबल्या.

"त्या दिवशी तुझं पेन उमटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी कडेला दाबून रेघोट्या मारल्या होत्या. त्या इथे लागतायत. पान कुठाय?"

"घरी आहे," मी म्हणालो.

"बादल्या भरल्याचं मला आजही आठवत नाही. पण रेघोट्या आठवतात. वॉर्डात माझ्या एखाद्या पोरीनं असं केलं असतं, तर त्याच दिवशी मी तिला घरी पाठवली असती."

"सिस्टर, तुम्हाला जावं लागलं असतं."

"लागलं असतं ना. मी शब्द दिला होता. खालच्या शिंप्याला बाळ आहे. नळाऐवजी गॅस असता तर तू कुठलं पान फाडलं असतंस?"

त्यांनी मला घरून ते पान आणायला लावलं, माझ्याकडून गोंदानं जागेवर चिकटवून घेतलं आणि कडा नीट बसली की नाही ते बोटानं पाहिलं. मग म्हणाल्या, "आता मुलाला फोन लाव. मी बोलते." फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, की निरोप मिळाला होता, विसरले ती मी. पलीकडे मुलगा रडत असावा, कारण त्या बराच वेळ नुसतं "हो रे, हो" म्हणत होत्या.

महिनाअखेर त्या वृद्धाश्रमात गेल्या. जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि मूठ मिटवली. गाडीत बसतानाही त्या शिंप्यांच्या बाळाला टोपी घाला म्हणून सांगत होत्या.

भाड्याचं घर परत ताब्यात घेताना एक कागद भरावा लागतो. मी रिकाम्या खोल्यांतून फिरलो. भिंती, ठीक. खिडक्या, ठीक. दिवे, ठीक. सिंकची जाळी स्वच्छ होती आणि फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं. नळ चालतो की नाही हे बघायचं असतं, म्हणून मी नळाला हात घातला. तो हलेना. त्यांनी तो जीव खाऊन बंद केला होता. न्हाणीघरातलाही, बेसिनचाही.

मी कागद खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी जोर लावला.