टांगलेल्या रुळाचे निवेदन

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे, आणि मी वाचलो. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. मला अजून घाबरायचे आहे.

माझे भाऊबंद जमिनीवर पडून गाड्या झेलत राहिले. मी मापात जास्त निघालो, हातभर उरलो. म्हणून मला स्टेशनच्या छपराखाली टांगले आणि गाडी आली की हातोडीने बडवू लागले. आमच्यात याला बढती म्हणतात. माझा आवाज झाला की माणसे ट्रंका उचलून धावत. पुढे गाड्या बंद झाल्या, भाऊबंदांना उखडून नेले. मी लटकत राहिलो.

मग लोकांनी ठरवले, या पडक्या स्टेशनचे सर्वांसाठी वाचनालय करायचे. दुरुस्ती सुरू झाली आणि माझी पाचावर धारण बसली. मुकादमाचा नियम एकच होता: लाकूड दिसले तर घासा, लोखंड दिसले तर भंगारात. वजनकाटा गेला. सिग्नल गेला. जाताना त्याचा हात खाली होता, म्हणजे मार्ग मोकळा. शेवटपर्यंत शिस्तीचा!

एका सकाळी मुकादमाचा मेहुणा गॅसकटर घेऊन शिडीवर चढला.

"दाजी, हा लटकलाय तोपण?"

"लोखंड आहे ना? मग पाहुण्यासारखा बघत काय बसलास, काप!"

  निळी ज्योत माझ्या आकड्याजवळ आली, तेवढ्यात मेहुण्याच्या कमरेचा पाना माझ्यावर आपटला. टण्ण!

खाली सगळ्या मजुरांनी थाप्या-घमेली टाकली आणि जेवणाचे डबे सोडले.

"अरे, आत्ता तर आलात!" मुकादम ओरडला.

"घंटा झाली ना," गवंडीकाकू म्हणाल्या. "परत झाली की उठू."

मुकादमाने घसा बसेपर्यंत बोंब मारली. कोणी हलेना. शेवटी त्याने स्वतः शिडीवर चढून मला बडवले. सगळे निमूट उठले.

"राहू दे रे याला," तो मेहुण्याला म्हणाला. "माझ्यापेक्षा याचं ऐकतात."

वाचनालय झाले. मला काळा रंग मिळाला आणि माझ्या खाली पाटी लागली: 'शांतता राखा.' आता मला कोणी हात लावत नाही. मित्रांनो, वाजलो तर मी घंटा, न वाजलो तर लोखंड. आणि मुकादम पुढच्या महिन्यात उरलेल्या कामाला परत येणार आहे.

तरी संबंधितांना नम्र विनंती, की येथून महिन्यातून किमान एक गाडी सोडण्यात यावी. रिकामी चालेल. उशिरा आल्यास हरकत नाही. रुळांची अडचण असल्यास, हातभर रूळ येथे उपलब्ध आहे.