माळवदावरची जामीनकी

महानंदाचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि का तापू नये? सोनपेठेतला कापसाचा व्यापारी चंद्रप्पा तिच्याच दारात उभा राहून तिच्या घराच्या भिंती ठोकून बघत होता. बाजारात बैल बघावा तसा.

घर तिचं आणि लिंगराजचं, दोघा नवरा-बायकोचं. पांढरी माती तिनं डोक्यावर वाहिली, त्यानं तुडवली. माळवदाच्या मातीच्या छताला लागणाऱ्या तुळया तिच्या पाटल्या मोडून आल्या. आणि या शहाण्यानं काय करावं? दोस्त वीरभद्र चंद्रप्पाकडून कर्ज घेत होता, तर हा जामीन राहिला. कागद नाही, पत्र नाही. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन म्हणाला, "त्यानं बुडवलं तर माझं घर तुमचं." वीरभद्र निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडे पसार झाला. बायकोला हे कळलं ते आज, चंद्रप्पाच्या तोंडून.

"आवो, मला इचारायचं तरी!"

"लिंगावर बोललोय, महानंदे. आता मागं कसं फिरू?" लिंगराज मान खाली घालून पुटपुटला.

कागद नव्हता, म्हणून अदालतीचा प्रश्नच नव्हता. पण लिंगावरचा शब्द मोडला तर लिंगायत समाजात कुणी दारात उभं करत नाही. संध्याकाळी मठात स्वामींसमोर बैठक बसली.

"दिलेला शब्द पाळावा, एवढंच मागायलोय," चंद्रप्पा म्हणाला. सगळ्या पागोट्यांनी माना डोलावल्या. घर जाणार होतं ते महानंदाचं, पण तिला कुणी बस म्हटलं नाही की बोल म्हटलं नाही. तिच्या अंगाची लाहीलाही झाली. ती सरळ स्वामींपुढं गेली आणि पदराआडची चांदीची पेटी उघडून आपलं लिंग तिनं तळहातावर घेतलं.

"स्वामी, मला दीक्षा तुमीच दिली. माझं लिंग नवऱ्याच्या लिंगापेक्षा हलकं हाय का?"

"न्हाई, माय. आपल्यात बाई-बाप्याचं लिंग येकच."

"मग ऐका. घर आमा दोघांचं हाय, आन मी कुणाला शब्द दिलेला न्हाई. माझं लिंग खोटं म्हणायचं आसंल तर चंद्रप्पामामांनी आत्ता म्हणावं!"

चंद्रप्पा अडकला. लिंगाच्याच जोरावर तो आला होता. तिचं खोटं म्हणावं तर लिंगराजचं खरं कुठून आणणार?

"घराला हात लावायचा न्हाई," स्वामी म्हणाले.

मठाच्या पायऱ्या उतरताना लिंगराजला रडू आवरेना. "सुटलो गं बाई, सुटलो."

झालं, निवत आलेला राग पुन्हा भडकला.

"घर सुटलं. तुमी कुठं सुटलात? तुमचा शब्द तुमच्याच गळ्यात हाय. उद्यापासून मामांच्या वखारीत गाठी उचला. फिटंल तवा फिटंल."

लिंगराज रस्त्यातच थांबला. "आन तू?"

"मी भाकर बांधून देईन," महानंदा म्हणाली. "बोलणार मातर न्हाई."