उताराला लावायची गाडी

“आडवं आणू नका, भावजी. बसवूनच आणा,” मल्लम्मा फोनवर म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. रडणं तिनं नंतरवर ठेवलं होतं.

सिद्धाराम बीडच्या दवाखान्याच्या जिन्यात उभा होता. वरच्या खोलीत मल्लम्माचा नवरा, त्याचा जन्माचा शेजारी शिवलिंगप्पा, नुकताच गेला होता. शिवलिंगप्पा नेकनूरला कपडे शिवायचा. त्याच्या दुकानाला लागूनच सिद्धारामचं मिरची-हळदीचं दुकान. दोन्ही दुकानांमध्ये एकच भिंत होती. ह्यानं खोकलं की त्यानं पलीकडून ओ द्यावी, अशी सगळी हयात गेली.

तो वर गेला. शिवलिंगप्पाची लेक रुद्राणी बापाच्या उशाशी उभी होती. तिला उमापूरला दिली होती. बापाचं दुखणं वाढल्याचं कळल्यावर ती थेट दवाखान्यातच आली होती. तिनं बापाच्या कपाळाला विभूती लावली होती आणि त्याचे गुडघे ती हळूहळू चोळत होती. त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात. बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. अंग एकदा ताठरलं की गुडघे मुडपत नाहीत. म्हणून घाई असते.

“ॲम्ब्युलन्स बोलावू का?” दवाखान्यातल्या वॉर्डबॉय मामानं विचारलं.

“त्याच्यात बसवून नेता येतं का, मामा?”

“न्हाई बाई. त्यात झोपवूनच न्यावं लागतं.”

रुद्राणीनं सिद्धारामकडं पाहिलं. “काका, तुमची गाडी हाय की.”

हे वाक्य ऐकायला सिद्धारामला एरवी लई आवडायचं. गावात कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, सोयरीक पाहायला जायचं असो, लोक म्हणायचे, सिद्धारामची गाडी हाय की. आज मात्र ते ऐकून त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. बाहेर पौषातली थंडी होती, आणि गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी होती.

ती गाडी त्यानं पाटोद्याच्या एका गुत्तेदाराकडून घेतली होती. त्याआधी तो पेट्रोलच्या व्हॅनमध्ये मिरचीची पोती घालून आठवडी बाजार करायचा. पेट्रोल घरच्या माणसांपेक्षा जास्त पैसा खातंय, असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं ही वापरलेली डिझेल गाडी आणली. डिझेल स्वस्त, वर ॲव्हरेज जास्त. पहिल्या वर्षी तो भेटेल त्याला गाडीचं ॲव्हरेज सांगायचा. लोक रस्ता बदलायचे.

पण डिझेलवर वाचवायची सवय लागली ती तिथंच थांबली नाही. ऑइल बदलायचं ते पुढच्या बाजारावर जायचं. फिल्टर फुंकून पुन्हा बसवला जायचा. दसऱ्याला प्रविण मिस्त्रीनं बॉनेट उघडून सांगितलं होतं, “अप्पा, हीटर प्लग चारी जळालेत. इंजिन गरमच होत न्हाई. थंडीत दगा देईल ही.”

“आमच्या मठापशी उतार हाय की,” सिद्धाराम म्हणाला होता. “तिथं लावीत जाईन.”

त्यानं खरंच तसं केलं. रोज संध्याकाळी गाडी मठाच्या उताराला, तोंड खाली करून. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरला टाकून क्लच सोडायचा. खोकत, काळा धूर सोडत ती चालू व्हायची. उतार कमी पडला तर शिवलिंगप्पा कानाला मफलर गुंडाळून मागून रेटा द्यायचा.

“बे सिद्ध्या,” तो म्हणायचा, “डिझेल वाचतं तुझं, अन् भाकर जळती माझी.”

ह्या हिवाळ्यात त्याला दम लागायला लागला आणि तो यायचा थांबला. सिद्धारामनं गाडी उताराच्या आणखी वर लावायला सुरुवात केली. मिस्त्रीकडं काही तो गेला नाही.

काल संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकाजवळच्या चढावर त्यानं बरोबर जागा धरली होती. वॉचमन म्हणाला, इथं न्हाई, मागं लावा. का इथंच लावायची आहे, हे त्याला सांगायची सिद्धारामला लाज वाटली. त्यानं गाडी मागं नेऊन लावली.

मामानं आणि सिद्धारामनं शिवलिंगप्पाला खाली आणलं. मागच्या सीटवर हळदीची पिवळी भुकटी बसली होती. रुद्राणीनं ती पदरानं झटकली. मग दोघांनी त्याला आत बसवलं, पाय वर घेऊन मांडी घातली. अंग अजून मऊ होतं. रुद्राणी शेजारी बसली, बापाला तिनं खांद्याशी धरलं, त्याच्या कानाला मफलर गुंडाळला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बरं होऊन म्हातारा घरी निघालाय.

सिद्धारामनं चावी फिरवली.

गाडी घुरघुरली आणि थांबली. दुसऱ्यांदा घुरघुर थोडी कमी झाली. तिसऱ्यांदा नुसतं खट्ट वाजलं. बॅटरीही बसली.

“काय झालं, काका?”

“थंडीनं. व्हतंय, व्हतंय.”

त्यानं उगीच बॉनेट उघडलं आणि मिटलं. मग तो फाटकाबाहेर चहाच्या गाड्यापाशी गेला. तिथं चार-पाच माणसं कप हातात धरून उभी होती. कोणाचा तरी पेशंट आत असलेली, रात्र बाकावर काढलेली माणसं.

“दादा, जरा धक्का मारता का? गाडी चालू व्हईना.”

“कोणती गाडी?” माकडटोपीतला एक दांडगा माणूस म्हणाला. पाहिल्यावर म्हणाला, “ही? ही निजामाच्या वखताची दिसती.”

बाकीचे हसले. सिद्धारामही हसला. हसायला नको होतं, पण लोकांकडून काम करून घ्यायचं असलं की माणूस हसतो.

तो स्टेअरिंगवर बसला. माणसांनी मागून हात लावले. गाडी जड होती, डिकीत मिरचीची दोन पोती होती. ती काढायचं कोणालाच सुचलं नाही. गाडी थोडी सरकायची आणि थांबायची. एकाला मिरचीच्या वासानं शिंका सुटल्या, म्हणून आणखी हसणं झालं.

मग तो माकडटोपीवाला मागच्या खिडकीपाशी आला. वाकून त्यानं काचेवर बोट वाजवलं.

“ओ काका, खाली उतरा की जरा. तेवढंच हलकं होईल. आमी थंडीत मरायलोय, अन् तुमी निवांत मांडी घालून बसलाव.”

सिद्धारामचे हात स्टेअरिंगवर होते. मागं वळून एक वाक्य बोलायचं होतं, बस. त्याच्या तोंडातून ते निघालं नाही. लोक हात काढून घेतील, अशी भीती त्याला नव्हती. गरिबाघरची माणसं मयताला पाठ दाखवत नाहीत. भीती होती ती त्यानंतर कोणी काही बोलेल ह्याची. मयत माणूस न्यायला असली गाडी आणली का, बे? असं कोणीतरी म्हणालं असतं.

रुद्राणीनं काच खाली केली.

“त्यांना न्हाई उतरता येत, दादा.”

“पायाला काय झालंय का?”

तिनं बापाचा मफलर सारखा केला. “हां,” म्हणाली.

“मग बसू द्या, बसू द्या. बसा काका, तुमी निवांत. आमी हाव की.” तो माणूस खरंच ओशाळला. मागं जाऊन त्यानं सगळ्यांना दटावलं, “चला रे, जोर लावा. म्हातारं माणूस हाय आत.”

ह्यावेळी कोणी हसलं नाही. गाडी पळायला लागली. सिद्धारामनं क्लच सोडला. दोन हिसके बसले. रुद्राणीनं बापाचं डोकं छातीशी दाबून धरलं. इंजिन धडधडलं आणि मागं धुराचा लोट उठला.

माकडटोपीवाला धुरातून पळत खिडकीपाशी आला.

“नीट जावा, काका. अन् गाडीवाल्याला सांगा, ही गाडी विक म्हणावं.”

रुद्राणीनं त्याला हात जोडले. सिद्धारामला ते आरशात दिसलं. त्यानं आरसा थोडा वर फिरवला.

गाडी बीडबाहेर पडली. गाडी बंद पडू नये म्हणून सिद्धारामनं पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला नाही. गतिरोधक आला की त्याचा जीव खालीवर व्हायचा. मांजरसुंब्याला हॉटेलं लागली, तशी रुद्राणी म्हणाली, “काका, घोटभर पाणी मिळंल का? कालपून काय घेतलं न्हाई.”

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन थरथरत होतं. उतरायचं तर पाय काढावा लागणार, पाय काढला की ती बंद पडणार. तो तसाच बसून राहिला.

“रुद्री, मला उतरता येत न्हाई. बंद पडंल ही.”

तिलाही बापाला सोडून उतरता येत नव्हतं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “चला.”

नेकनूरच्या फाट्याला वळल्यावर तिनं विचारलं, “कावून नीट करून घेतली न्हाई, काका?” आवाजात राग नव्हता. लहानपणी दुकानात येऊन, मिरची तिखट का असते, असं विचारायची, तसंच विचारलं.

“घेणार व्हतो,” सिद्धाराम म्हणाला.

त्यानंतर घर येईपर्यंत तो गाडीचा आवाज ऐकत राहिला.

दारात माणसं जमली होती. स्वामी येऊन बसले होते. चौघांनी शिवलिंगप्पाला उचलून ओट्यावर भिंतीला टेकवलं. मांडी मोडली नव्हती. पाठ ताठ होती. गळ्यात हार घातल्यावर तो दुकानात मशीनवर बसायचा, तसा दिसला. मल्लम्मानं त्याच्या गुडघ्यांना हात लावून पाहिलं, आणि मग ती रडली.

रडून झाल्यावर तिनं सिद्धारामपुढं हात जोडले. “भावजी, तुमच्या गाडीनं लाज राखली.”

“खरंय,” कोणीतरी म्हणालं. “गाडी व्हती म्हणून येळंवर आले. न्हाईतर कोण बसवून आणतंय?”

“आपल्या माणसाची गाडी ती आपल्या माणसाची,” दुसरा म्हणाला. “सिद्धाराम सख्खा भाऊ निघाला शेवटी.”

सिद्धाराम खाली मान घालून उभा राहिला. लोकांना वाटलं, दुःख झालंय. दुःख होतंच. पण प्रत्येक शब्दागणिक तो रुद्राणीकडं पाहायचा. आता ती सांगेल, मग सांगेल. ती बायकांत बसून राहिली. तिनं काही सांगितलं नाही. मातीला जाताना लोकांनी त्याला मान म्हणून पुढं चालायला लावलं. तो दोनदा मागं आला आणि दोनदा त्याला हाताला धरून पुढं नेलं गेलं.

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर तो प्रविण मिस्त्रीकडं गेला. प्रविणनं चार प्लग काढले, चार बसवले, बॅटरीला चार्जिंग दिलं. मागवलेला चहा येईपर्यंत प्लगांचं काम झालंसुद्धा होतं.

“मारा चावी.”

सिद्धारामनं चावी मारली. एका चावीत गाडी सुरू झाली. त्यानं ती लगेच बंद केली.

“कावून? झाली की नीट.”

“एवढंच व्हतं का रे?”

“एवढंच. दसऱ्याला सांगितलं व्हतं की, अप्पा.”

सगळे विधी झाल्यावर रुद्राणी उमापूरला जायला निघाली. सिद्धारामनं सकाळीच गाडी धुतली होती. मागची सीट काढून, हळद निघेपर्यंत घासली होती. तिच्या दारासमोर, अगदी सपाट जागेवर, त्यानं गाडी आणून उभी केली.

मल्लम्मा म्हणाली, “जा की गं काकाच्या गाडीत. घरापर्यंत सोडतील.”

रुद्राणीनं गाडीकडं पाहिलं. मागच्या दाराकडं पाहिलं.

“नको आई. यष्टीनं जाते. काकाला खामखा तकलीफ.”

“तकलीफ कसली?” सिद्धाराम म्हणाला. पण तिनं पिशवी उचललेली होती. त्यानं ती तिच्या हातातून घेतली आणि दोघं स्टँडकडं चालू लागले.

“गाडी झाली का नीट?” तिनं वाटेत विचारलं.

“झाली. एका चावीत सुरू व्हती आता.”

“बरं झालं.”

यष्टी लागलेली होती. त्यानं पिशवी आत सीटखाली सरकवून दिली. ती खिडकीशी बसली, तेव्हा तो खाली खिडकीपाशी येऊन उभा राहिला. इतके दिवस मनात घोळवलेलं बोलणं त्याला तिथं सुचेना.

“रुद्री, तू घरात बोलली न्हाईस कोणाला त्या दिवसाचं. लई मोठं मन हाय तुझं. माझी इज्जत राखली तू.”

रुद्राणी त्याच्याकडं पाहत राहिली. तिला तो काय म्हणतो, ते कळायला वेळ लागला असावा.

“तुमच्यासाठी न्हाई, काका,” ती शेवटी म्हणाली. “आमच्या अप्पाला लोक हसले, हे आईला कावून सांगू?”

कंडक्टरनं बेल मारली. तिनं पदर सावरला आणि हात जोडले, मोठ्या माणसाला जोडतात तसे. यष्टी हलली आणि स्टँडाबाहेर पडली.

सिद्धाराम तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसला. थोड्या वेळानं बाजाराला निघालेला कोणीतरी ओळखीचा समोर थांबला.

“अप्पा, गाडी असून यष्टीची वाट बघायलाव? कुठं निघालाव?”

“कुठं न्हाई,” सिद्धाराम म्हणाला, आणि त्या माणसाला बसायला जागा व्हावी म्हणून बाकावर थोडा सरकला.