कुलूप घातलेला कान

मी एक जुना कान आहे. दचकू नका, मित्रांनो, हाडामांसाचा नव्हे. कानामागे अडकवायचं, शेंगदाण्याएवढं, फिकट तपकिरी रंगाचं जे मशीन असतं ना, तेच मी. लोक मला मशीन म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याने जन्मभर दुसऱ्यासाठी ऐकलं, त्याला मी तरी कानच म्हणतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. खोली पांढरीशुभ्र, धुळीचा कण नाही. तोंडाला फडकं बांधलेल्या बायका भिंगातून बघत आम्हाला जोडत होत्या. आम्ही सगळी भावंडं एकाच पट्ट्यावरून पुढे सरकलो. सगळ्यांच्या पोटात तीच तार आणि तीच चिप. कोणी थोरलं नाही, कोणी धाकटं नाही. पट्ट्याच्या टोकाला मात्र तीन तऱ्हेचे डबे मांडलेले होते. साधा, मधला आणि उत्तम.

एक नवीन कामाला लागलेली बाई गोंधळली. "अहो साहेब, आतून तर सगळे सारखेच आहेत की! कुठला कुठे घालू?"

"घाला कुठेही. साध्या डब्यातल्याला आपण आतून कुलूप घालतो. उघडून हवं असेल तर गिऱ्हाईक वेगळे पैसे देईल."

"पण मग ते कुलूप घालायला खर्च येत असेल ना?"

"येतो थोडा," साहेब म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

माझ्या नशिबी साधा डबा आला. माझं कुलूप कसं होतं ते नीट समजून घ्या. मला ऐकू सगळं यायचं. पण मोठा, जाड, समोरून आलेला आवाज तेवढाच मी पुढे द्यायचा. बारीक आवाज, हळू आवाज, गोंगाटात अडकलेला आवाज मी ऐकायचा आणि गिळायचा. धडधाकट पोराचे पाय बांधावेत आणि लंगडा आहे म्हणून स्वस्तात द्यावा, तशातली ही गत. वर डब्यावर छापलं होतं, 'तुमच्या खिशाला परवडणारा'. काय बोलणार, कप्पाळ!

मला विकत घेतलं ते एका पाळणाघराच्या मावशीने. तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. भिंतीवर पोरांच्या हाताला येतील अशा खाली खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र, कुठे छत्री, कुठे मासा. नोकरीला जाणारे आईबाप सकाळी आपापलं पोर तिथे सोडायचे. मावशी जिवाला जीव देणारी बाई. पण तिचे कान हळूहळू जात चालले होते आणि हे तिने कोणालाही कळू दिलं नव्हतं. बरोबरच आहे. ऐकू न येणाऱ्या बाईपाशी आपलं पोर कोण ठेवेल? त्यावर तिने एक युक्ती काढली होती. समोरच्याचं बोलणं समजलं नाही की तोंडभर हसायचं आणि म्हणायचं, "हो का! अरे वा!" मोठ्या माणसांच्या बहुतेक बोलण्याला हे उत्तर चालून जातं, मित्रांनो. त्यांना उत्तर नकोच असतं.

दुकानदार मोठा गोडबोल्या. "मावशी, पंधरा दिवस सगळं उघडून देतो. वापरून तर बघा!" आधी चव दाखवायची आणि मग ताट ओढायचं, अशी त्या लोकांची रीत. पण ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. मावशीने मला केसांखाली लपवलं आणि तिला नळाचं ठिबकणं ऐकू आलं. झोपलेल्या बाळाचं फुरफुरणं ऐकू आलं. आणि गप्पू ऐकू आली.

गप्पू चार वर्षांची होती. ती बोलतच नाही अशी सगळ्यांची समजूत, म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं. खरं तर ती बोलायची, पण आवाज सुतासारखा बारीक आणि तोंड फ्रॉकच्या गळ्यात खुपसलेलं. त्या दिवशी ती मावशीच्या मागे उभी राहून म्हणाली, "माझ्या मोज्यात खडा आहे."

मावशी गर्रकन वळली. "काय म्हणालीस?"

"खडा. कालपासून आहे."

मावशीने मोजा काढला. खडा निघाला. टाच लालेलाल झाली होती. "अगं माझे बाई, मग काल सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," गप्पू म्हणाली.

मावशीने तिला उचलून छातीशी धरलं आणि ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. त्या दिवसापासून गप्पूच्या तोंडाला खळ राहिला नाही. मांजराला स्वप्नं पडतात का, इथपासून बाबांच्या घोरण्यापर्यंत काहीही. तिचे बाबा संध्याकाळी दारात थक्क होऊन उभे राहिले. भरदार गळ्याचा माणूस. "काय जादू केलीत, मावशी? घरी तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसते!" मावशी खुशीत येऊन लाजली. आणि मी? मी फुगून शेंगदाण्याचा बदाम झालो होतो.

पंधरा दिवस संपले. उघडं ठेवण्याचा आकडा ऐकून मावशीने उघडलेली पर्स मिटली. "राहू दे हो. साधंच चालेल मला. थोडं कमी ऐकू येईल, इतकंच ना?"

"इतकंच," दुकानदार म्हणाला आणि त्याने मोबाइलवर एक बोट फिरवलं.

मित्रांनो, माझा एक स्क्रूसुद्धा कोणी काढला नाही. काही मोडलं नाही, काही झिजलं नाही. तरी त्या क्षणी मी मुका झालो.

दुसऱ्या दिवशी गप्पू आली आणि बोलायला लागली. मी शब्द न् शब्द ऐकत होतो आणि गिळत होतो. "मोठ्याने बोल गं राणी," मावशी म्हणायची. पण मोठ्याने म्हटलं की गप्पूचा आवाज आणखीच आत जायचा. मग मावशी तिचे ओठ बघून अंदाज बांधायला लागली. पण खोलीभर पोरं, एकाची चड्डी ओली, दुसऱ्याचं नाक वाहतंय, एकटी बाई कितीजणांचे ओठ बघणार?

आणि मग ती संध्याकाळ आली. मावशी खाली वाकून गप्पूच्या बुटाची नाडी बांधत होती. गप्पू तिच्या खांद्यावर झुकली आणि म्हणाली, "मावशी, आई गेली. बॅग घेऊन गेली. मला नाही नेलं."

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं! शब्द माझ्या पोटात होते, मावशीचा कान माझ्यापासून बोटभर अंतरावर होता, आणि मला ते पुढे द्यायला मनाई होती. मी तडफडलो. उपयोग शून्य. मावशीला मानेवर नुसता श्वास लागला. पोर काहीतरी बोललं एवढं तिला कळलं. तिने मान वर केली, ती तोंडभर हसली आणि म्हणाली, "हो का! अरे वा! मज्जा आहे बुवा एका मुलीची!"

गप्पू तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच पाय सोडवून घेतला आणि ती खुंट्यांखाली जाऊन बसली.

त्यानंतर गप्पू मावशीशी बोलली नाही. मावशीला वाटलं, रुसली असेल. येईल आपोआप. आठवड्याने तिचे बाबा दारात थांबले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "हिची आई घर सोडून गेली, मावशी. तुम्हाला माहीत असेलच."

"अगं बाई! मला कोण सांगणार?"

"हिने सांगितलं म्हणते. म्हणाली, मावशी हसली."

मावशीने दाराची चौकट धरली. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडली. "मला ऐकू येत नाही हो! ऐकूच येत नाही मला! काही कळलं नाही की हसते मी."

बाबांनी गप्पूचं बोट धरलं. मग म्हणाले, "मला समजलं, मावशी. तिला कसं समजावणार?"

दुसऱ्या दिवशी मावशी पोरांच्या नव्या गाद्यांसाठी ठेवलेले पैसे घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने पुन्हा तेच बोट फिरवलं. शिंक यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. "आता बघा, सुई पडली तरी ऐकू येईल!" तो म्हणाला. मेला हसत होता.

मावशीने गप्पूला मांडीवर घेतलं. "बाळा, माझ्या कानाला कुलूप होतं. तू काय म्हणालीस ते मला कळलंच नाही गं. म्हणून हसले. आता सगळं ऐकू येतं. बोल ना!" गप्पूने शहाण्यासारखी मान हलवली, मांडीवरून उतरली आणि गेली.

दुपारी सगळी पोरं गाद्यांवर आडवी झाली. मावशी लांब खिडकीपाशी बसून छोट्या छोट्या शर्टांच्या घड्या घालत होती. खोलीच्या त्या टोकाला गप्पू पांघरुणात शिरून कापडी सशाच्या कानात कुजबुजली, "मावशीला काही सांगायचं नाही हं. ती हसते."

मी ते जसंच्या तसं पोहोचवलं. एक अक्षर गाळलं नाही. पूर्ण पैसे घेतले होते ना! मावशीचे हात शर्टावर थांबले. आपण ऐकलं हे पोरीला कळू नये म्हणून तिने मानही वर केली नाही.

पुढच्या महिन्यात गप्पूला तिच्या आत्याकडे नेलं. जाईपर्यंत ती मावशीशी बोलली नाही. आता मी जुना झालोय, माझा रंग उडालाय, तरी मावशी मला टाकत नाही. पण मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या मोठं होऊन यंत्रं बनवेल. जरूर बनवा. महाग विका, नाहीतर स्वस्त विका. पण ज्याला ऐकू येतं त्याचं तोंड दाबून विकू नका, हात जोडतो. कुलूप उघडायला एक बोट पुरतं हो. पण ते बंद असताना जे लेकरू बोलून गेलं, ते पुन्हा सांगायला येत नाही.